प्राउमचा कोपरा

नातवाला शिंका यायला लागल्या, म्हणून हा माझ्याकडे आला,
बुटांच्या खोक्यातून, गेंटच्या ट्राममधून,
कान पाठीला चिकटवून.
रंग करडा, उन्हात थोडा जांभळट.
वान्नेसनं नाव ठेवलं प्राउम,
म्हणजे आलुबुखार.
पोराला काय ठाऊक, माझी आई
आलुबुखार आणि काळी बिअर घालून
दर ईस्टरला काय शिजवायची.

ते ससे परसात असायचे, जाळीच्या खुराड्यात.
लेंड्या खाली पडायच्या,
बाबा फावड्यानं ओढून लीकच्या वाफ्यात टाकायचे.
त्यांना कुणी काही शिकवलं नाही.
सहा महिन्यांत विषयच संपायचा.

आणि आता मी, गोडेलिव्ह, वय त्र्याहत्तर,
तागाच्या गिरणीत अडतीस वर्षं उभी राहिलेली,
या सशासाठी जमिनीवर वाकलेली.
एका हातात व्हिनेगर,
दुसऱ्यात गिरणीच्या शिक्क्याचा जुना टॉवेल.

निळा ट्रे आणला. आत कागदाच्या गोळ्या.
बाल्कनीच्या दाराशी ठेवला, मला सोयीचा म्हणून.
प्राउम आत बसला, ऐसपैस,
दोन्ही पंजांनी तोंड धुतलं,
एक कान ओढून विंचरला,
मग बाहेर उडी मारून
खोली ओलांडून गेला
आणि कोनाड्यातल्या मेरीच्या बरोब्बर खाली
शेपटी उचलून मुतला.

दुसऱ्या दिवशीही.
मी ओरडले. त्यानं मागचा पाय आपटला,
एवढ्या जोरात की कपाटातल्या बश्या वाजल्या.
मग तीन दिवस आमचं बोलणं बंद.
म्हणजे माझंच.

वरच्या मजल्यावरचा फिर्मिन जिन्यात थांबला:
"मेरीच्या पायाशी? गोडेलिव्ह, तू हसतेस कशी?"
मी म्हटलं, गोठ्यात बाळंत झालेल्या बाईला
गवताचा वास काही नवा नाही.

डॉक्टर नुरजाननं आधी शस्त्रक्रिया केली.
पावती बघून मी खुर्चीत बसले.
तिनं मला पाणी दिलं, मग म्हणाली,
"तुम्ही त्याला जागा दाखवू नका,
तो तुम्हाला दाखवतोय.
ओला कागद फेकू नका, ट्रेमध्ये ठेवा.
आणि गवत तिथेच, तोंडासमोर.
खाता खाताच करतात ते."

मी गवत ठेवलं. ओला कागद ठेवला,
चोरासारखी इकडेतिकडे बघत.
ट्रे सरकवला कोनाड्याखाली.
स्टूल हलवावं लागलं, आणि मेणबत्त्यांचा डबा,
ज्याच्यावर गिरणी बंद झाली त्या वर्षापासूनची
धूळ होती.
त्या वर्षापासून मी तिथे गुडघे टेकले नव्हते.
आता रोज सकाळी टेकते,
सातच्या घंटेआधी, पत्र्याची सुपली घेऊन.
मेरी काही बोलत नाही.
मीही विषय काढत नाही.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी,
कॉफी हातात, मी दारात उभी.
प्राउम ट्रेमध्ये. गवत चावल्याचा आवाज,
जुन्या मागाचा लांबून येतो तसा.
कान अर्धे खाली, डोळे कुठेतरी पलीकडे.
मग हलकेच टप, टप, टप.
कॉफी गार झाली. मी हललेच नाही.

वान्नेसला फोन केला.
शाळेतून नुकताच आलेला, तोंडात वॅफल.
"ट्रेमध्ये? खरंच? सगळ्या?"
मग थोडं थांबून,
"मी नाकाला रुमाल बांधून येऊ का बघायला?"

सगळ्या नाहीत, सोन्या.
रोज एक बाहेर असतेच.
एकच, वाटाण्याएवढी, काठापासून वीतभर लांब,
मुद्दाम ठेवल्यासारखी.
नुरजान म्हणते ती त्याची सही आहे,
घर माझं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं.

संध्याकाळपर्यंत मी ती उचलत नाही.
मग उचलते, बाल्कनीत नेते
लीकच्या कुंडीशी.
फावडं कुठलं आता,
कॉफीचा चमचा पुरतो.