बारा मणी

डॉक्टर नोएमीच्या हातात माळ होती.
लाकडी बारा मणी, लंबगोल, एकाहून एक थोराड,
प्रत्येकावर आकडा कोरलेला.
मला वाटलं, बाई देवभोळी आहे,
आधी जप करील, मग तपासेल.

रांगेत एकोणीस पुरुष,
सगळे केळीच्या मळ्यातले, जुने,
टोप्या गुडघ्यांवर, माना खाली.
उबाल्दो तेवढा बोलत होता:
"चला, आज चिकूंचा लिलाव!"
कुणी हसलं नाही.
सारापिकी नदीवरून चिलटं येत होती
आणि पंखा बंद होता.

माझ्या एवेलियोला तिने विचारलं,
लहानपणी गालगुंड झालं होतं का?
मार बसला, पीळ पडला कधी?
रोज किती पिता?
गालगुंड भावाला झालं, तो म्हणाला, त्याला पाच पोरं.
घोड्याची लाथ बसली, पण मांडीवर.
आणि पितो. पगाराच्या दिवशी.
आता पगार नाही.
ती लिहीत होती, लिहिलेलं खोडत होती.
दारूनेही आटतात, म्हणाली, यकृत खंगलं की तेही खंगतात.
शहरातली पोरं दंड फुगवायला इंजेक्शनं घेतात,
दंड फुगतात, हे सुकतात.
"इंजेक्शन?" एवेलियो म्हणाला,
"दिलीत ना मी. मातीला."

तेव्हा तिचं पेन थांबलं.

कमरेएवढा लोखंडी दांडा, खाली सुई, पाठीवर टाकी.
प्रत्येक बुंध्याभोवती चार टोच,
संध्याकाळपर्यंत हात खांद्यातून निखळायचा.
मुळांतला किडा मरावा म्हणून,
जो कुणी कधी पाहिला नाही.
रिकामे डबे आम्ही घरी आणले, त्यांत पाणी भरलं.
सदरे मी नदीवर धुतले, उघड्या हातांनी,
वास जाईना म्हणून पुन्हा धुतले.
मुकादम म्हणायचा, अगं औषध आहे ते.
औषध.
मी त्या शब्दाला कधी उलटून पाहिलं नाही.

किडा मेला. घड लोंबले, बोटी भरल्या.
पाळणा हलेना, तेव्हा तपासलं ते मला.
कडू पाला उकळून पाजला,
नाळ सरकली म्हणून पोट चोळलं.
कार्तागोच्या देवळात दारापासून वेदीपर्यंत
गुडघ्यांवर गेले, तीन वर्षं, ऑगस्टात.
सासू शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची,
कोरड्या विहिरीत दोर सोडतोय माझा मुलगा.
विहिरीत सगळे डोकावले.
पोहरा कुणी उलटा करून पाहिला नाही.

पडद्याआड नोएमीचा एक हात त्याच्यावर होता
आणि दुसरा माळेवर.
बोटं एकेक मणी मागे टाकत गेली:
वीस, पंधरा, बारा,
दहा, आठ, सहा.
पाचावर थांबली.
हे त्यानेच सांगितलं मला, नंतर कधीतरी,
शेवग्याच्या शेंगा सोलत असल्यासारखं, खाली बघून.

पण पुढचं मी पाहिलं, मला आत बोलावलं तेव्हा.
पट्टा आवळत तो विचारत होता,
"आधी मी कोणता होतो?"
ती म्हणाली, आता ते कोण सांगणार?
आणि माळ त्याच्या हातात दिली.
चाळीस वर्षांपूर्वीचा स्वतःला
तो बोटांनी चाचपत राहिला.
पंचविसाचा मणी त्याने सोडून दिला, खोटं बोलणारा माणूस नाही तो.
विसाचा धरला.
तळहातावर तोलला, जसं बाजारात अंडं तोलतात,
कानाशी नेऊन जरा हलवलाही.

नोएमी खिडकीबाहेर पाहत होती.

वाटभर तो बोलला नाही.
उबाल्दोही नाही, आणि त्याला गप्प मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.
रात्री जेवण झाल्यावर एवेलियोने तेलाची बाटली काढली,
माझ्यापुढे जमिनीवर बसला
आणि माझे गुडघे चोळू लागला.
आधी डावा.
डावा जास्त दुखतो,
हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.