कट्टे की रायी

नळ येतो पाचव्या दिवशी, पहाटे साडेतीनला.
लसुममामी घागरी भरते, पातेली, बादल्या,
शेवटचं पिंप राजमल्लूमामाचं.
त्यातलं पाणी प्यायचं नाही,
ते करवतीचं.

कोरडं कापलं की पातं जळतं, मामा सांगतो,
आणि दगड तडकतो.
दगड म्हणतो, थांबतो, मग म्हणतो, लाकूड.
घरात आम्ही तेलुगू बोलतो :
कट्टे म्हणजे लाकूड, रायी म्हणजे दगड.
ह्याला काय म्हणायचं
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

सिरोंच्याकडचा ट्रकवाला टपाखाली ओंडके आणतो,
कुणाच्या बांधावर पडलेले, नांगराला आडवे आलेले.
साल दिसते, गाठ दिसते,
खाटेचा मोडका पाय वाटावा असा एक तुकडा
मी एका हाताने उचलायला गेलो.
अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

बत्तीस वर्षं मामानं चादरी विणल्या.
साखर पेठेतला कारखाना मिटला, माग किलोवर गेले.
भंगारवाल्याशी घासाघीस करून
त्यानं एक मोटार तेवढी परत आणली.
तिच्यावर आता पॉलिशचं चाक फिरतं.

ऐंशी नंबरची पूड, मग दोनशे वीस, सहाशे, बाराशे,
सगळ्यात शेवटी चादरीच्या काठाची चिंधी.
तेव्हा कुठे वर येतात वलयं,
तांबडी, मधाच्या रंगाची, मध्येच एक काळं.
मामा ती ताण्याचे धागे मोजावे तशी मोजतो,
नखानं, ओठ हलवत.
एका जागी अकरा वलयं केसाकेसाच्या अंतरावर.
"पाऊस नव्हता," म्हणतो,
पलीकडच्या गल्लीतली बातमी सांगावी तसा.
"सलग अकरा साल."
पान कातरता कातरता मामी विचारते,
"मग पाणी कुठनं आणलं असंल बाईनं?"
झाडाला ती बाई म्हणते.

गिऱ्हाइकाला हत्ती हवे असतात, कमळं, गणपती.
पुण्याच्या एका हॉटेलानं सव्वीस कासवं मागितली.
मामानं केली. कासवाच्या पाठीवर वलयं छान बसतात.
रात्रभर सव्वीस कासवं जिन्यावर,
पायरीपायरीला दोन,
कुठेही न निघालेली.

कासवांतून एक तुकडा उरला, वीतभर.
त्यात किड्यानं पाडलेलं भोक,
आत गारेचा थेंब गोठलेला.
हॉटेलचा माणूस म्हणाला, खोट आहे.
मामानं भोकाला हात लावला नाही.
दोन्ही टोकं निमुळती केली फक्त,
पोटात कांडीपुरती खाच काढली.
धोटा.
भोक नेमकं तिथं आलं
जिथून धागा बाहेर पडतो.
पण बुजलेलं.

एकदाच त्यानं तो फरशीवरून सरकवला,
ह्या हातातून त्या हाताकडे.
खट्.
मागाचा खट् नेहमी जोडीनं यायचा.
आम्ही दोघंही थोडा वेळ थांबलो.

तो धोटा विकायचा नाही.
मामीच्या सुपात असतो, तेंदूच्या पानांवर,
पंखा लावला की पानं उडू नयेत म्हणून.
पानं ओली, हजार विड्यांची.
संध्याकाळी उचलला तर
पोटावर पानाची शीर उमटलेली असते,
फाट्यांसकट, ओलसर.
मी चिंधी घेऊन पुसायला जातो.
मामी म्हणते, राहू दे,
वाळंल.