कारणाचा रकाना

सोहारच्या कॅम्पात हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे.
गैरहजर माणसासमोर एक रकाना : कारण.
त्यात सात आकडे बसतात.
एक म्हणजे आजार, दोन म्हणजे व्हिसाचं काम,
पाच म्हणजे गावाकडे कुणी गेलं.
आठवा आकडा नाही.

मंगळवारी हुसेनमियां परकार आला नाही.
दाभोळचा वेल्डर. अकरा वर्षांत एक खाडा नाही.
संध्याकाळी सापडला मासळीबाजाराच्या मागे,
चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत वाळू.
गलबतं जात होती म्हणे. मोजली नाहीत.
“काय झालं?”
“काय नाय.”
“मग आला का नाहीस?”
“उगाच.”

आता हे लिहायचं कसं?

बैजू म्हणाला, आमच्या मलयाळममध्ये आहे की, वेरुदे,
आणि हसला, हरवलेली किल्ली
आपल्याच खिशात सापडावी तसा.
हिंदीतलं ऐसेही खांदे उडवतं.
फतहीसाहेबांना अरबीत सांगितलं, बिला सबब.
ते म्हणाले, नोंद असते तिथे सबब असते.

विनाकारण लिहू?
पण तो फिर्यादीचा शब्द :
विनाकारण मारलं, विनाकारण हॉर्न वाजवला.
कारण असायला हवं होतं, नाही, म्हणून ठपका.
निष्कारण तर इस्त्री करून आलेला.
उगाचमध्ये कारण हरवलेलं नाही.
त्याला बोलावलंच नव्हतं.

“पोटदुखी टाकतो,” मी म्हटलं, “एक नंबर. पगार वाचेल.”
“खोटं कशाला लिवतोस, उगाच?”
तोच शब्द. आता माझ्या अंगावर.

रात्री शेजारच्या बंकवर सदू घवाळी
फोनच्या काचेतून सहा महिन्यांच्या पोरीला
थोपटत होता, म्हणजे काचेलाच :
उगी, उगी.
एसीच्या घरघरीत मी उठून बसलो.
इतकी वर्षं मला उगाच म्हणजे फुकट वाटत होतं.
आत उगा आहे. गप्प, हलत नसलेला.
माणूस दिवसभर उगा बसला होता,
आणि मी त्याला विचारत होतो, का?

सकाळी रकान्यात देवनागरीत लिहिलं : उगाच.
फतहीसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला,
अक्षरांवरून बोट फिरवलं, वरच्या रेघेवरून,
उजवीकडून डावीकडे.
“हा कितवा आकडा?”

सहा रियाल कापले.
हुसेनमियांनी पावतीवर सावकाश सही केली,
टोपण लावून पेन परत दिलं,
आणि शिफ्टला गेला.