हातगुण

आमच्या चिलोए बेटावर माणसं घर बदलत नाहीत,
घरच हलवतात.
भिंती, चूल, खिळ्याला टांगलेली लोकर, सगळ्यासकट.
खाली ओंडके सारायचे, बैलांच्या सहा जोड्या जुंपायच्या,
भरती आली की घर समुद्रात लोटायचं
आणि होड्यांनी ओढत न्यायचं पलीकडच्या किनाऱ्याला.
मजुरी कोणी मागत नाही.
मेंढी कापायची, बटाटे उकडायचे,
सफरचंदाची दारू पुरली पाहिजे, एवढंच.

आमचं घर हलवायचं ठरलं
तेव्हा ओतिलिया आत्या तीन दिवस
हातमोजे घालून वावरली.
भर उन्हाळ्यात. कणीक मळतानाही.

मला ठाऊक होतं का? थोडंफार.
लाकडाला हात लावला की तिला कळायचं
ते तरणार की नाही.
सहा वर्षांची असताना शेजारच्या पाळण्याला हात लावून
ती जी रडायला लागली, ती थांबेना.
तिच्या आईनं त्याच रात्री करडे हातमोजे विणले.
म्हणाली, झाकली मूठ बरी.

माझा बाप, रोसामेल, शेवटचा शिंपल्यांना निघाला
त्या सकाळी आत्या धक्क्यावर होती.
तिनं डाव्या हाताचा मोजा काढला,
होडीच्या काठावर तळवा ठेवला.
बराच वेळ.
बाप म्हणाला, येताना मीठ आणतो.
तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

हे तिनं मला सांगितलं एकोणीस वर्षांनी,
घराखाली सारायच्या ओंडक्यावर बसून,
चुलीवर काय शिजतंय ते सांगावं तसं.
म्हणाली, तुझ्या बापावर मीच पाणी सोडलं.
मी राग शोधत राहिले.
शेवटी विचारलं ते इतकंच: कुठला हात?
तिनं पुढे केला.
मोजा होता त्यावर. मी काढला नाही.

दोर बांधून झाले, बैल जुंपून झाले,
पण कोणी हाकच देईना.
अलादिनो टोपी काढून पुढे आला.
ओतिलिया, हात लाव. थांबलोय आम्ही.
कशाला?
कशाला काय! चटका बसल्यासारखा तू हात मागे घेतलास
की ती होडी त्या दिवशी आम्ही सोडायचो नाही.
कित्येक वर्षं. तुला काय वाटलं,
सगळ्यांची पोटं एकदमच दुखायची?

मग आवाज खाली आणून:
त्या सकाळी तू हात मागे घेतला नाहीस.
वाटलं, भाऊ आहे, बरं असणार सगळं.
दोर मी सोडला.

त्यानं टोपी पिळली.
टोपी कोरडी होती, तरी पाणी गळलं.
झुनिल्दा म्हणाली, मी तुझा चेहरा पाहिला होता गं,
आणि तिच्या ओच्यातून धार लागली.
मग कोणाच्या बाहीतून, कोणाच्या बुटातून,
एका पोराच्या खिशातून, जो तेव्हा जन्मलाही नव्हता.
खारं पाणी. उतारावरून घराखाली शिरलं,
ओंडके भिजले,
आणि बैलांनी पाय उचलायच्या आधी
घर वीतभर सरकलं.

आत्यानं दोन्ही मोजे काढले.
उंबरठ्यावर हात टेकले. आम्ही श्वास धरून.
काय म्हणतंय?
म्हणाली, हात ओले आहेत. काही कळत नाही.

तरी दोर ताणले गेले.

मधल्या पाण्यात घर एकदा कललं,
खिडकीतून कपबश्यांचा आवाज आला.
तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.
सगळ्यांचं लक्ष दोराकडे.
तिचंही. पुढच्या होडीत उभी राहून
उघड्या तळव्यांनी ओढत होती, शिव्या देत,
आणि डाव्या हाताची कातडी
केव्हाच सोलवटून गेली होती.