खांड

तन्झीला मुंब्र्याहून येते, पाइपची चौकट खांद्याला अडकवून.
करावे गावामागच्या चिखलात ती टाकते,
मीटरभर लांब, मीटरभर रुंद,
आणि आतलं सगळं मोजते.
तिवराची रोपं सतरा. बिळं एकशे चार.
मोरस किती टक्के, ते डोळे बारीक करून ठरवते.
"काका, बांध नक्की कधी फुटला?"

मी म्हणतो, वनूआत्याच्या हळदीला
याच खारीतला राता शिजला होता,
आणि तिच्या थोरल्याच्या बारशाला
तांदूळ बेलापुरातून, दुकानातून आणला.
त्याच्या मधे कधीतरी.
ती हसते. वहीत साल लिहिते, पुढे प्रश्नचिन्ह.

आधी काय झालं, तर काहीच झालं नाही.
दोन वर्षं नुसतं पांढरं.
मिठात उभे भाताचे खुंट,
मेलेल्या माणसाच्या हनुवटीवर असतात तसे.
भरती यायची, बघून जायची,
नकार ठरवूनच मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी.

मग चिखलावर हिरवट साय धरली.
आयनं अंगठ्यानं खरवडली, म्हणाली, सडतंय.
सडत नव्हतं.
एक नांगी मोठी असलेले ते खेकडे आले, खायला बिनकामाचे,
त्यांनी भोकं पाडपाडून जमिनीत वारा नेला.
मोरस पसरली. आम्ही ती वालात घालून खाल्ली,
वरून मीठ लागलं नाही.
तिवराचं बी दर वर्षी तरंगत यायचं
नि ओहोटीबरोबर माघारी जायचं,
त्या वर्षी मोरसच्या बोटांत अडकलं.
एवढंच. अडकलं.
रान काही ठरवून येत नाही.
कुणी कुणाला तरी अडवतं,
आणि सकाळी तो तिथंच असतो.

आता तिवर माझ्या डोक्यावरून गेलेत.
त्यांच्या मुळांवर निवट्या बसतात,
चावडीवरच्या म्हाताऱ्यांसारख्या, गाल फुगवून.
गेल्या वर्षी सावलीत एक कांदळ दिसला.
रात्याची काडी मात्र कुठंच नाही.
"पूर्ववत होतंय," तन्झीला म्हणते.
कुठलं पूर्व, पोरी?
माझ्या पणज्यानं तिवर तोडूनच ही खार काढली होती.

वहीत एक रकाना आहे: कारण.

दर उधाणाला बांधावर घरटी एक माणूस निघायचा,
फावडं, पेंढा, डोक्यावर चिखलाची ढेकळं.
मग नोटिसा आल्या, मग चेक आले.
त्या भादव्यात बापूस एकटाच निघाला.
तीन उधाणं त्यानं खांड बुजवली.
चौथ्याला फावडं आडवं ठेवलं,
उघाडीवर बसला, पाय पाण्यात सोडून,
आणि तंबाखू मळत बघत राहिला.
रात्री खांड हातभर होती.
सकाळी तिच्यातून बैलगाडी गेली असती.
मी तिथं होतो. मला कंदील धरायला नेलं होतं.

"उधाण," मी सांगतो.
ती लिहिते. उधाण.

चौकट उचलली की चिखलात चौकोन उरतो,
पाणी भरेपर्यंत.
तन्झीला टेप सोडवते, इकडं तिकडं बघते.
"दुसरं टोक धराल का जरा?"
मी चपला काढतो.