छाट

निपाणीच्या वाचनालयातलं ते जाडजूड पुस्तक
भागाक्का शिंत्रेनं एकवीस दिवसांत वाचलं,
विड्या वळून झाल्यावर,
बोटांचा तंबाखू पानांना लागत.

पान एकशे चाळीसवर वखारीतल्या बाया रडतात.
तिथं ती थांबली.
त्या दिवशी कोण रडलं नव्हतं.
आम्ही मोजत होतो:
हजाराला दीडशे छाट,
आणि छाटलेल्या विड्याही
मुकादमाच्याच पोत्यात.

कृष्णाबाईचा खोकला पुस्तकात आहे,
तिच्या शिव्या नाहीत.
यल्लव्वा कानडीतून ओरडली होती, लेक्क तोरिसु,
हिशेब दाखव!
इथं ती नुसती 'एक बाई'.
शेवटच्या प्रकरणात न्यायाधीश मान वर करतात
आणि निकाल लागतो.

भागाक्कानं समासात पेन्सिलीनं लिहिलं:
तारीख पडली. अजून पडते.
मग खाली, जरा थांबून,
यल्लव्वाचं पूर्ण नाव, नवऱ्याचं सोडून.

ग्रंथपाल म्हणाला, पुस्तक खराब केलंसा.
पाच रुपये दंड.
तिनं दिले. पावती मागितली.

पावती कानडीत.
यल्लव्वाच्या सुनेकडून वाचून घेतली:
रक्कम बरोबर,
भरणारीचं नाव चुकलेलं.

वळायचं सूप तसंच ठेवून
भागाक्का परत वाचनालयाकडं निघाली.