वरची वीतभर

इदान्रेच्या डोंगराखाली, ओरिमोलोयेच्या कोको-मळ्यात
आम्ही सोळा पिशव्या माती घेतली.
वीतभर खोल, खोडापासून दोन हात लांब,
पिशवीवर पेन्सिलीने आकडा.
शाई पुसली जाते, पेन्सिल टिकते,
एवढंच मला कॉलेजात नीट शिकवलं.

म्हातारा मागे मागे, गालात कोलाची बी.
माती बघायला यंत्र कशाला, बाई?
चिमूट उचलून जिभेवर ठेवली.
गोड आहे. चाळीस वर्षं गोडच आहे.

चाळीस वर्षं
जूनमध्ये शेंगा काळ्या पडायला लागल्या
की बापलेक पाठीला पंप बांधून मोरचूद मारायचे.
दर तीन आठवड्यांनी. निळं निळं ओघळायचं
पानांवरून, कोपरांवरून.
बापाचा सदरा दोरीवर वाळत घातला
की आभाळ फाटून लोंबतंय असं वाटे.
शेंगा वाचल्या. त्यांच्यावर घराला पत्रा आला,
बहीण अकुरेला नर्स झाली.
हे मी लिहून घ्यावं म्हणून तो दोनदा सांगतो.
मी लिहीत नाही.

पाऊस सगळं वाहून नेतो, असं आपण धरून चालतो.
तांबं जात नाही.
कुजलेल्या पाल्याला बिलगून राहतं, वरच्या वीतभरात.
गांडुळं गेली. कधी, ते कुणाला आठवत नाही;
ती काही सांगून जात नाहीत.

सोळा झाल्या. पेन्सिल कानामागे खोचली.
तेव्हा म्हणाला, एक इथलीपण घे.
जुन्या झाडाखाली दगडांची कड.
बाप. गेल्या फेब्रुवारीत.
माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
पिशवीवर नुसतं 'बाबा' लिहिलं.

महिन्याने कागद आला.
तांबं, थोडं शिसं, खताच्या गोण्यांतलं कॅडमियम:
एक ते सोळा वाचताना माझा आवाज खाली गेला.
'बाबा': स्वच्छ.
पुन्हा तपासायला लावली. पुन्हा स्वच्छ.

मग त्यानेच उलगडून सांगितलं.
खणताना काळी माती डावीकडे टाकली, खालची उजवीकडे.
मूठमाती द्यायला माणसं काळीच उचलतात,
मऊ असते, हाताला लागत नाही.
सगळं गाव येऊन गेलं. काळी सगळी आत गेली.
वर उरली ती तांबडी.
नाव तांबडी, आणि तांबं नाही.

म्हणजे आपल्या वाटणीचं तो घेऊन गेला,
म्हातारा म्हणाला, आणि मळ्याकडे बघत राहिला,
झाडं मोजावीत तसा.
माझ्या वाटणीचं किती असेल?

मी कागदात शोधू लागले.

तोवर तो वाकला, बापाच्या अंगावरची
चिमूटभर तांबडी जिभेवर ठेवली,
आणि थुंकला.
आंबट.